पोकेमॉन लढतींच्या स्पर्धा : नियम आणि संघबांधणी

मोबाइलवरील एका खेळाची स्पर्धा भरवावयाची आहे, त्यासाठी शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर एका रविवारपुरते मिळावे, असा अर्ज गावातील तरुणांनी ग्रामपंचायतीकडे केल्यास सदस्यांनी काय करावे? कबड्डीची वा क्रिकेटची स्पर्धा असती तर प्रश्न उद्भवला नसता. मोबाइलचे नाव निघताच मात्र एकाला जुगाराची शंका येते, तर दुसरा ‘पोरखेळ’ म्हणून अर्ज बाजूस सारतो. दोन्ही निर्णय खेळाची माहिती न घेता घेतलेले असतात. खडवली, टिटवाळा, वासिंद या पट्ट्यातील मुले कल्याणला शिक्षणासाठी लोकलने ये-जा करतात आणि शहरातील मुलांच्या हाती असलेले खेळ त्यांच्याही हाती असतात. तेव्हा ही माहिती करून घेणे शिक्षकांना व पंचायत सदस्यांना उपयोगाचे होईल.

पोकेमॉन हा शब्द ‘पॉकेट मॉन्स्टर’, म्हणजे खिशात मावणारे राक्षस, या शब्दांचा संक्षेप होय. १९९६ साली जपानमध्ये या खेळाचा प्रथम अवतार झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमविण्याचा छंद होता व त्यातूनच खेळाची कल्पना सुचली. काडेपेटीत भुंगे ठेवणाऱ्या आपल्याकडील मुलांना हे निराळे सांगावयास नको. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरील प्रकार निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो भारतात अधिकृतरीत्या उपलब्ध झाला. २०२३ पासून तो हिंदीतही खेळता येतो. खेळाडूने प्रत्यक्ष चालावयाचे, वाटेत पडद्यावर दिसणारे प्राणी पकडावयाचे, त्यांचे संगोपन करावयाचे आणि मग इतरांच्या प्राण्यांशी त्यांची लढत लावावयाची, असा हा क्रम आहे. या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ पासून भरते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील ॲनाहाइम येथे झालेल्या स्पर्धेचे विजेतेपद भारताच्या वेद बांब याने पटकाविले.

स्पर्धेचे नियम

कुस्तीत जसे वजनगट, तसे येथे बलमर्यादेचे गट असतात. प्रत्येक प्राण्याच्या एकूण सामर्थ्याचा एक अंक असतो, त्यास ‘सीपी’ म्हणतात. ‘ग्रेट लीग’ या गटात १५०० सीपीपेक्षा अधिक बलवान प्राणी चालत नाही, ‘अल्ट्रा लीग’मध्ये ही मर्यादा २५०० असते आणि ‘मास्टर लीग’मध्ये मर्यादाच नसते. अधिकृत स्पर्धा ग्रेट लीगमध्ये खेळविल्या जातात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याच्याकडे सर्वांत मोठा प्राणी तो जिंकला, असे येथे होत नाही.

खेळाडूने स्पर्धेपूर्वी सहा प्राण्यांची यादी द्यावयाची असते. एकच जात दोनदा घेता येत नाही. सामना सुरू होण्यापूर्वी दोघांनाही परस्परांचे सहाही प्राणी दिसतात. मग प्रत्येक डावासाठी सहांपैकी तीन गुप्तपणे निवडावयाचे. तीन डावांपैकी दोन जिंकणारा विजयी. स्पर्धेची रचना अशी, की एका पराभवाने खेळाडू बाद होत नाही, दोन पराभवांनी होतो. सोळा खेळाडू असल्यास साध्या बाद पद्धतीत १५ सामने होतात, या पद्धतीत ३० किंवा ३१. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे ठरविले तर १२० सामने खेळवावे लागतील. एक डाव काही मिनिटांतच संपतो, त्यामुळे दोन पराभवांची पद्धत एका दिवसाच्या कार्यक्रमास सोयीची ठरते.

डाव चालू असता दोन प्रकारच्या चाली करावयाच्या असतात. जलद चालीने थोडी इजा होते, पण शक्ती साठत जाते. पुरेशी शक्ती साठली की जोरकस चाल करता येते. प्रत्येकास एका डावात दोन ढाली मिळतात. ढाल वापरली की जोरकस चाल जवळजवळ वाया जाते. मुरलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या जलद चाली मनातल्या मनात मोजत असतो, कारण जोरकस चाल केव्हा येणार हे त्यावरून कळते. कमी शक्तीची किरकोळ चाल टाकून समोरच्याला ढाल खर्च करावयास लावणे हा येथील नेहमीचा डावपेच आहे. गणिताच्या शिक्षकांनी हा खेळ एकदा जवळून पाहावा, असे सुचवावेसे वाटते.

संघबांधणी

खरा खेळ मात्र डावापूर्वीच सुरू झालेला असतो. प्राण्यांचे व चालींचे अग्नी, जल, वनस्पती, विद्युत, भूमी, पोलाद असे १८ प्रकार आहेत. जल अग्नीवर मात करते, अग्नी वनस्पतीवर आणि वनस्पती जलावर. अनुकूल चालीने होणारी इजा १.६ पट होते, प्रतिकूल चालीने ती ०.६२५ पटीपर्यंत घटते. अनेक प्राणी दोन प्रकारांचे मिळून बनलेले असल्याने हे गुणक एकमेकांनी गुणले जातात. दोन्ही प्रकार एकाच चालीपुढे दुबळे असतील, तर इजा २.५६ पट होते.

नवख्या खेळाडूंचा कल तीन आवडते प्राणी घेण्याकडे असतो. समजा, त्याने अझुमारिल हा निळा, सशासारखा जलप्राणी आणि स्कार्मरी हा पोलादी पंखांचा पक्षी निवडला. दोन्ही चिवट आहेत, पण दोन्ही विजेपुढे दुबळे. समोर एक विद्युत प्राणी आला की दोन तृतीयांश संघ संकटात! आता तिसरा म्हणून स्वॅम्पर्ट हा चिखलात राहणारा, जल व भूमी या प्रकारांचा प्राणी घेतला, तर चित्र पालटते. भूमीवर विजेचा प्रभाव फारसा पडत नाही. स्वॅम्पर्टला भय एका वनस्पतीचेच, पण ते मोठे, कारण तेथे इजा २.५६ पट होते. तथापि वनस्पतीच्या चाली स्कार्मरीच्या पोलादावर व पंखांवर निष्प्रभ ठरतात. स्कार्मरीला जाळणाऱ्या अग्नीस उरलेले दोघेही जलप्राणी तोंड देऊ शकतात. अझुमारिलला बाधणारे विष पोलादाला व भूमीला फारसे बाधत नाही. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढले, म्हणजे संघ झाला. नुसते चढाईपटू भरलेला कबड्डीसंघ का हरतो, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल.

क्रमालाही महत्त्व आहे. पहिला प्राणी आघाडीचा. तो अडचणीत आल्यास ज्याला निर्धास्तपणे मैदानात आणता येईल असा दुसरा. ढाली संपल्यावरही टिकून राहील असा तिसरा. एकदा बदली केली की काही काळ पुन्हा बदली करता येत नाही, म्हणून उतावीळपणे केलेली बदली महागात पडते.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रत्येक प्राण्याला हल्ला, बचाव व दम या तीन गुणांसाठी जन्मतः ० ते १५ अंक मिळालेले असतात. सर्वत्र १५ असलेला प्राणी उत्तम, असे कोणालाही वाटेल. परंतु सीपी मोजण्याच्या सूत्रात हल्ल्याला अधिक वजन आहे. त्यामुळे हल्ल्याचा अंक कमी आणि बचाव व दम यांचे अंक जास्त असलेला प्राणी १५०० च्या मर्यादेत राहून अधिक टिकाऊ करता येतो. मुले टाकून देतात तोच प्राणी पुष्कळदा कामाचा निघतो.

कायद्याची बाजू

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने बहुक्रीडा स्पर्धांमधील ई-क्रीडा हा विषय युवा व्यवहार व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. ऑनलाइन खेळांविषयी संसदेने केलेल्या कायद्यास ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ई-क्रीडा, करमणुकीचे खेळ आणि पैशाचे खेळ असे तीन भेद केले आहेत. पैसे पणास लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने निषिद्ध ठरविले आहेत.

गावपातळीवर खबरदारी घ्यावयाची ती येथेच. आपल्याकडे प्रवेशशुल्क गोळा करून त्यातूनच रोख बक्षीस देण्याची प्रथा क्रिकेटच्या स्पर्धांतून रुजलेली आहे. मोबाइलवरील खेळांना ती लावू नये. प्रवेश विनामूल्य ठेवावा, बक्षीस म्हणून पुस्तके वा चषक द्यावा, आणि प्रेक्षकांत पैजा लागणार नाहीत हे पाहावे. अर्ज आला की पंचायतीने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘खेळ कोणता’ हा नसून ‘पैसा कोणाचा व कोठे जाणार’ हा आहे. याशिवाय, मोबाइलमध्ये आपले ठिकाण खोटे दाखवून घरबसल्या प्राणी पकडणाऱ्यांची खाती बंद होतात, हे मुलांना आधीच सांगावे. तेरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घेतल्यावाचून नाव नोंदवू नये.

खडवलीच्या दृष्टीने

या खेळात एक अन्याय आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खेळाची साधने मिळण्याची ठिकाणे देवळे, पुतळे, उद्याने अशा खुणांवर नेमलेली असतात. दाट वस्तीच्या शहरात ती पावलोपावली आढळतात, खेड्यांत विरळ असतात. डोंबिवलीतील मुलाच्या संग्रहाशी खडवलीतील मुलाचा संग्रह स्पर्धा करू शकत नाही, मग बुद्धी कितीही तल्लख असो. शिवाय पैसे देऊनही काही साधने घेता येतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला, ५०० सीपीची मर्यादा असलेल्या ‘लिटल कप’ या प्रकाराने आरंभ करावा. त्यात लहान, सहज मिळणारे प्राणी चालतात व ते वाढविण्यास फारसा खर्च पडत नाही. दुसरा, स्पर्धेपूर्वी एक दिवस देवाणघेवाणीसाठी ठेवावा. जवळ उभे असलेले दोन मित्र आपले प्राणी परस्परांना देऊ शकतात, त्यामुळे गावातील मुलांचा संग्रह एकत्रितपणे वापरात येतो.

प्राणी शोधण्यासाठी मुले हिंडणार, आणि खडवलीत हिंडावयाचे म्हटले की पाय नदीकडे वळतात. भातसेच्या पात्रात पावसाळ्यात बुडून मृत्यू ओढवल्याच्या घटना घडल्या आहेत. भातसा धरणातून पाणी सोडताना काठावरील गावांना सावधगिरीचा इशाराही देण्यात येतो. मोबाइलच्या पडद्याकडे पाहत चालणाऱ्यास पाण्याची चढती रेषा दिसत नाही. म्हणून स्पर्धा शक्यतो दिवाळीनंतर ठेवावी, ती छपराखाली घ्यावी, आणि त्या जागी दोन्ही खेळाडूंच्या मोबाइलला पुरेसे नेटवर्क मिळते की नाही, हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे.