टॅबलेटद्वारे गिटारवादन : बिघडलेल्या ध्वनीचे दोषशोधन

सिडको, हडको यांसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या छत्रपती संभाजीनगरातील गिटारवादकाला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीने वाजविणे सहसा शक्य होत नाही. टॅबलेट, ऑडिओ इंटरफेस व ॲम्प-सिम्युलेटर ही त्रयी अशा वेळी सोयीची ठरते. परंतु ध्वनी बोदा अथवा कर्कश आला, की सारा दोष सिम्युलेटरच्या माथी मारला जातो व नवा विकत घेतला जातो. वस्तुतः संकेत पुष्कळदा तेथवर पोहोचण्यापूर्वीच बिघडलेला असतो. म्हणून शोधाचा आरंभ गिटारपासून करणे इष्ट होय.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवतील हजारो वेढ्यांचे वेटोळे. त्याचा रोध ७,००० ओहम व प्रवर्तकत्व ३ हेन्री धरल्यास ५,००० हर्ट्झ कंप्रतेस त्याचा प्रवर्तकीय अवरोध सुमारे ९४,००० ओहम होतो. असे पिकअप १०,००० ओहम संरोधाच्या ‘लाइन’ मुखास जोडले, तर १०० हर्ट्झला व्होल्टतेचा सुमारे सहादशांश भाग मिळतो, ५,००० हर्ट्झला मात्र जेमतेम एकदशांश. खर्ज टिकतो, झळाळी जाते. शिवाय केबलची धारिता ५०० पिकोफॅराड असता ४,१०० हर्ट्झच्या आसपास जे अनुस्पंदन उद्भवते व गिटारला तिचा विशिष्ट नाद देते, तेही दडपले जाते. सिम्युलेटरमधील ट्रेबल वाढवून ही हानी भरून काढू पाहणे व्यर्थ. त्याने खरखरच वाढते. इंटरफेसवरील १० लक्ष ओहमांचे ‘इन्स्ट्रुमेंट’ मुख निवडणे हाच खरा उपाय.

त्याच ठिकाणी गेन अधिक असल्यास तरंगांची शिखरे छाटली जातात. छाटलेला संकेत पुढे कितीही क्षीण केला तरी पूर्ववत होत नाही.

गुणगुण ऐकू आल्यास तिचे मूळ बहुधा ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात असते. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणताच ती थांबली, तर ती पिकअपने टिपलेली असते. वादकाने बसण्याची दिशा बदलून पाहावी. चार्जर काढून टॅबलेट बॅटरीवर चालविताच थांबली, तर दोष चार्जरचा अथवा भूसंपर्काच्या वलयाचा असतो. अर्थिंगची पिन तोडण्याचा प्रचलित उपाय प्राणघातक ठरू शकतो.

ध्वनी मधमाश्यांच्या घोंघावण्यासारखा येत असेल, तर सिम्युलेटरमधील कॅबिनेटचा भाग चालू आहे काय, ते पाहावे. १२ इंची गिटार-स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वरील ध्वनी फारसा देतच नाही. ही गाळणी वगळली, की विकृतीतून निपजलेले सर्व तीव्र स्वर कानावर आदळतात.

राहता राहिला विलंब. ४८,००० नमुने प्रति सेकंद या गतीस १२८ नमुन्यांचा बफर २.७ मिलिसेकंद घेतो, १,०२४ नमुन्यांचा २१.३, तेवढ्यात ध्वनी हवेतून सुमारे ७.३ मीटर जातो आणि वादकाचा ठेका ढळतो. इंटरफेसचे ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू राहिल्यास मूळ व प्रक्रियित असे दोन्ही ध्वनी मिसळतात. त्यांत १० मिलिसेकंदांचे अंतर असता ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा कंप्रता क्षीण होऊन ध्वनी पोकळ भासतो. ते कळ फिरवून बंद करावे.