मतांत पुढे, प्रतिनिधींत मागे

टेक्सासमध्ये ४ मार्च २००८ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. तोवर हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा हे दोनच दावेदार मैदानात उरले होते. क्लिंटन यांना सुमारे एक लाख मते जास्त पडली. टक्केवारीत ५१ विरुद्ध ४७. त्या रात्री टीव्हीवर विजयी म्हणून त्यांचेच नाव झळकले. हिशेब पुरा झाला तेव्हा मात्र टेक्सासचे ९९ प्रतिनिधी ओबामांकडे गेले होते आणि ९४ क्लिंटन यांच्याकडे. यात ना घोटाळा होता, ना फेरमोजणी. पक्षाचे नियम आधीपासून छापील स्वरूपात सगळ्यांच्या समोर होते. ते एका बाजूने नीट वाचले गेले, दुसऱ्या बाजूने जरा उशिरा, असे म्हणायला जागा आहे.

मुळात प्रायमरीत अध्यक्ष निवडला जात नाही. पक्षाचा उमेदवार ठरतो तो उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात. २००८ मध्ये डेमोक्रॅट्सचे अधिवेशन ऑगस्टमध्ये डेन्व्हरला भरले. तिथे मत देतात ते राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी. टेक्सासच्या वाट्याला २२८ होते. त्यातले ३५ जण कुणाला बांधील नव्हते. त्यांत पक्षाचे खासदार होते, पदाधिकारी होते. वर्तमानपत्रे त्यांना ‘सुपरडेलिगेट’ म्हणत. उरले १९३. यातले किती कुणाच्या नावावर लागायचे, एवढाच प्रायमरीचा प्रश्न. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठींच्या बैठकीत ठरते, तिथे ते मतदार ठरवतो. ही पद्धत अध्यक्षपदापुरतीच नाही. बेळगाव जिल्ह्यातून जाऊन अमेरिकेच्या संसदेत पोचलेले मराठी माणूस श्री ठाणेदार यांची खरी कसोटी लागली ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये, डेट्रॉइटमधल्या प्रायमरीत. नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मते त्यांना पुरली.

आता टेक्सासचा मतदार. या राज्यात मतदार नोंदणीत पक्षाचा रकानाच नाही. केंद्रावर जायचे, कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचे. त्या वर्षापुरते तुम्ही त्या पक्षाचे. ही झाली पहिली पायरी. १९३ पैकी १२६ प्रतिनिधी या मतांवर वाटायचे होते, पण राज्यभराची मते एकत्र करून नव्हे. टेक्सासच्या विधिमंडळातल्या सेनेटचे ३१ मतदारसंघ आहेत. १२६ जागा आधी त्यांच्यात वाटलेल्या होत्या, कुठे २, तर कुठे ८. हे वाटप लोकसंख्येवर नव्हते. २००४ मध्ये अध्यक्षपदासाठी जॉन केरी यांना आणि २००६ मध्ये गव्हर्नरपदासाठी ख्रिस बेल यांना, म्हणजे पक्षाच्याच उमेदवारांना, जिथे जास्त मते पडली होती तिथे जास्त प्रतिनिधी. ज्या भागाने पक्षाला साथ दिली त्याला बक्षीस, असा विचार. ऑस्टिन शहराच्या मतदारसंघाला ८ मिळाले ते त्यामुळे. रिओ ग्रँड नदीकाठच्या, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या मतदारसंघांना ३ किंवा ४. तिथले लॅटिनो मतदार डेमोक्रॅटच, पण मागच्या निवडणुकांत ते फारसे बाहेर पडले नव्हते. क्लिंटन यांचा भरवसा याच सीमाभागावर होता; ओबामांचा ऑस्टिनवर आणि ह्यूस्टन-डॅलसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांवर. पहिले मत पडण्याआधीच पारडे थोडे कलले होते ते असे.

खरी गंमत मात्र भागाकारात आहे. चार जागांचा एक मतदारसंघ घ्या. समजा क्लिंटन यांना ६२ टक्के मते पडली, ओबामांना ३८. चारचे ६२ टक्के २.४८ आणि ३८ टक्के १.५२. पूर्णांकाच्या जागा आधी द्यायच्या: क्लिंटन यांना २, ओबामांना १. चौथी जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. .४८ पेक्षा .५२ मोठा, म्हणून ती ओबामांना. म्हणजे चोवीस टक्क्यांच्या आघाडीनंतरही दोन-दोन. क्लिंटन यांनी ६२.५ ची रेघ ओलांडली, ६३ टक्के गाठले, तर तीन-एक. तीन जागांच्या मतदारसंघात उलटे: तिथे एका मताने पुढे असलात तरी दोन-एक तुमचे, आणि तिसरी जागा काढायची तर ८३ टक्क्यांच्या पुढे जावे लागते. त्यामुळे सम जागांच्या ठिकाणी थोडक्यात जिंकून काही हाती लागत नाही आणि थोडक्यात हरून काही जात नाही. पैसा आणि माणसे कुठे लावायची हे ज्याने या गणितावरून ठरवले, त्याने निम्मी लढाई नकाशावरच उरकली. क्लिंटन यांची लाखाची आघाडी या चाळणीतून खाली आली तेव्हा ६५ विरुद्ध ६१ एवढीच उरली होती.

दुसरी पायरी त्याच संध्याकाळची. सात वाजता मतदान संपले की सव्वासात वाजता त्याच भागात सभा, म्हणजे कॉकस. उरलेले ६७ प्रतिनिधी या सभांच्या वाटेने ठरायचे. अट एकच: दिवसा किंवा आधी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेले असले पाहिजे. म्हणून टेक्सासमध्ये या प्रकाराला ‘टू-स्टेप’ म्हणत. तिथल्या एका नाचाचे नाव आहे ते. एरवी या सभांना मूठभर कार्यकर्ते यायचे. त्या रात्री शाळांचे हॉल भरून लोक पार्किंगमध्ये उभे राहिले. सातच्या आधी रांगेत लागलेल्यांचे मतदान संपेपर्यंत सभा सुरू करता येत नव्हती, त्यामुळे कित्येक ठिकाणी रात्र झाली. सभेत भाषणे नंतर. आधी तक्त्यावर नाव, पत्ता आणि शेवटच्या रकान्यात उमेदवाराचे नाव लिहून सही. खरे मतदान ते.

एखाद्या केंद्राच्या हद्दीत २००६ मध्ये बेल यांना ३०० मते पडली असतील, तर दर १५ मतांमागे एक या हिशेबाने त्या सभेतून २० जण पुढे जाणार. तक्त्यावर १२० सह्या आहेत, ७२ ओबामांच्या आणि ४८ क्लिंटन यांच्या. मग वीसातले १२ आणि ८. हे वीस जण मार्चअखेरच्या काउंटीच्या किंवा सेनेट मतदारसंघाच्या अधिवेशनात जायचे, तिथून गाळून काही जण जूनमध्ये ऑस्टिनच्या राज्य अधिवेशनात, आणि ६७ जण निवडायचे ते तिथे. शेवटी ते ३८-२९ असे ओबामांच्या बाजूने विभागले गेले. रात्रपाळीचा कामगार, लहान मुले घरी ठेवून आलेली आई, थकलेले म्हातारे मतदार दुसऱ्यांदा बाहेर पडू शकत नाहीत ही क्लिंटन गटाची तक्रार होती, आणि ती रास्तच होती. एकाच माणसाचे मत एकाच दिवशी दोनदा मोजायचे, आणि दुसऱ्या वेळी ज्याला संध्याकाळ मोकळी आहे त्याचेच, याला माझ्या मते समर्थन नाही. भागाकाराचे तसे नाही. कुठल्याही प्रमाणशीर वाटपात अपूर्णांक कुणाच्या तरी पदरात टाकावेच लागतात.

रिपब्लिकन पक्षाला या भागाकाराची एवढी हौस नाही. साउथ कॅरोलायनात २० फेब्रुवारी २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते पडली, मार्को रुबियो आणि टेड क्रूझ यांना प्रत्येकी साडेबावीसच्या आसपास. राज्याचे ५० प्रतिनिधी होते. २९ राज्यात पहिला येणाऱ्याला, आणि सात संसदीय मतदारसंघांत पहिला येणाऱ्याला प्रत्येकी ३. ट्रम्प सगळीकडे पहिले आले. पन्नासच्या पन्नास त्यांना. तीनातल्या दोन मतदारांनी ज्यांना नाकारले त्यांच्या झोळीत सगळे राज्य पडले. डेमोक्रॅट्समध्ये हे होऊ शकत नाही. तिथे १५ टक्के गाठणाऱ्या प्रत्येकाला वाटा असतो. त्याखालचे मात्र वजा. २०२० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या २४ जागांपैकी बर्नी सँडर्स आणि पीट बुटिजिज यांना ९-९ मिळाल्या, एमी क्लोबुशार यांना ६. आठ-साडेआठ टक्क्यांवर अडकलेल्या जो बायडेन यांना शून्य, आणि पुढे उमेदवारी मिळाली ती त्यांनाच.

टेक्सासमध्ये आठ वर्षे वाद चालल्यावर २०१६ पासून संध्याकाळच्या सभांचा प्रतिनिधींशी संबंध तुटला. आता सगळे वाटप प्रायमरीच्या मतांवर होते. सेनेट मतदारसंघांतले वाटप तसेच राहिले, आणि १५ टक्क्यांची अट राज्यासाठी वेगळी आणि प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळी लावली जाते. म्हणून २०२० मध्ये २२८ बांधील प्रतिनिधींपैकी बायडेन ११३ आणि सँडर्स ९९ घेऊन गेले, तरी मायकेल ब्लूमबर्ग यांना ११ आणि एलिझाबेथ वॉरन यांना ५ मिळाले. राज्यभर दोघेही १५ च्या खालीच होते, ब्लूमबर्ग अगदी थोडक्याने. पण काही मतदारसंघांत त्यांनी रेघ ओलांडली होती. मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी ब्लूमबर्ग स्पर्धेतून बाहेर पडले आणि त्यांनी बायडेन यांना पाठिंबा दिला.