पाणबुड्याचें सोन्याचें घड्याळ

न्हावा व शेवा या खाडीकांठच्या दोन गांवांच्या नांवानें ओळखलें जाणारें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. परंतु पाणबुड्याच्या घड्याळाची हकीकत बंदराच्या धक्क्यावरून नव्हे, तर न्हाव्याच्या पुरवठा तळावरून सांगणें योग्य होईल. मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटर दूर भर समुद्रांत १९७४ मध्यें ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या नौकेस तेल लागलें. त्या तेलक्षेत्रास लागणारी सामग्री तेल व नैसर्गिक वायु महामंडळाच्या न्हावा येथील तळावरून जाते. तेथील मनोऱ्यांचे पाय व समुद्रतळाच्या नळवाहिन्या तपासावयास पाणबुडे उतरतात. पाण्यांतील वेळेचा हिशेब म्हणजे अशा माणसाच्या प्राणांचा हिशेब होय. आज तो पुष्कळसा विद्युत् यंत्रें ठेवतात. पूर्वी तो मनगटावरील घड्याळावर असे.

याचें कारण शास्त्रीय आहे. खोल पाण्यांत श्वास घेतांना हवेंतील नत्रवायु दाबामुळें रक्तांत विरघळतो. माणूस एकदम वर आला, तर सोडावॉटरच्या बाटलीचें बूच उघडावें तसे बुडबुडे शरीरांत उठतात. म्हणून किती खोल व किती वेळ गेलों हें जाणून सावकाश वर यावें लागतें. यासाठीं घड्याळाच्या तबकडीभोंवतीं फिरतें कडें बसवितात. उतरतांना कड्यावरील खूण मिनिटकांट्यासमोर आणावयाची. मग कांटा जितका पुढें सरकेल तितकीं मिनिटें गेलीं असें समजावयाचें. हें कडें एकाच दिशेनें फिरतें. चुकून धक्का लागला, तरी गेलेला वेळ अधिकच दिसतो, कमी दिसत नाहीं. चूक व्हावयाचीच तर ती जीव वांचविणाऱ्या बाजूनें व्हावी, ही त्यांतील योजना. ब्लाँपें व रोलेक्स या स्विस कारखान्यांनीं अशीं घड्याळें १९५३ च्या सुमारास काढलीं.

दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो; म्हणून चावी स्क्रूप्रमाणें आवळून व रबरी कड्या घालून पेटी बंद करतात. फार खोल कामांत पाणबुडे दिवसचे दिवस हेलियममिश्रित वायूंत राहतात. हेलियमचे कण इतके सूक्ष्म, कीं ते घड्याळांत शिरतात. बाहेरचा दाब उतरला, कीं आंतील वायु कांच उडवून देऊं शकतो. त्यावर उपाय म्हणून रोलेक्सनें १९६७ च्या ‘सी-ड्वेलर’मध्यें वायु सुटण्याची झडप योजिली.

आतां अशा कष्टाच्या हत्याराला सोनें कशाला? सोनें खाऱ्या पाण्यानें गंजत नाहीं हें खरें. परंतु तें मऊ असल्यानें ओरखडे लवकर पडतात, आणि तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट तें वजनाला भरतें. काम करणारा पाणबुडा सहसा सोन्याच्या वाटेस जात नाहीं. १९६९ मध्यें ‘सबमरिनर’ सोन्यांत निघालें, तें किनाऱ्यावरील हौशी धनिकांसाठीं.

संग्राहक मोल देतो तें केवळ वजनाला नव्हे, अस्सलपणाला. अठरा कॅरट म्हणजे हजारांत ७५० भाग सोनें. तो आंकडा पेटीवर ठसविलेला असतो. स्वित्झर्लंडचा सरकारी ठसा १९९५ पर्यंत हेल्वेशियाच्या मुखाचा असे, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मुखाचा आहे. १९८० सालच्या म्हणून दाखविलेल्या पेटीवर कुत्र्याचें मुख आढळलें, तर ती मागाहून बदललेली किंवा बनावट समजावी. तबकडी थोडी मळकी असली तरी चिंता नाहीं. बाजारांत जुन्या तबकड्या नव्यानें रंगवून विकतात, आणि तो चकचकीतपणाच मोल उतरवितो. वारंवार झिलई केल्यानें पेटीच्या कडाही झिजतात.

सर्वांत मोठी परीक्षा कागदाची. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचें १२३ वें कलम सोनें व घड्याळें या दोहोंस नांवानिशीं लागू आहे. माल चोरटा असल्याच्या सकारण समजुतीनें तो जप्त झाला, तर तो चोरटा नाहीं हें सिद्ध करण्याचा भार, ज्याच्यापाशीं तो सांपडला त्याच्यावर पडतो. एरवीं आरोप करणाऱ्यानें पुरावा द्यावा. येथें उलट आहे. ही तरतूद उगाच झाली नाहीं. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळीं कोंकणच्या किनाऱ्यावर रात्रीं होड्यांतून हाच माल उतरे. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्यें रद्द झाला. हें कलम मात्र कायम आहे.

म्हणून श्रोत्यांपैकीं ज्यांस हा छंद असेल, किंवा ज्यांच्या घरीं वडिलांचें असें घड्याळ असेल, त्यांनीं खरेदीची पावती व शुल्क भरल्याचा कागद घड्याळाइतकाच जपावा. जुनें घड्याळ तपासल्याविना पाण्यांत नेऊं नये, कारण रबर कडक झालेलें असतें. आणि कागदाविना स्वस्तांत सोनें मिळूं लागलें, तर त्या फिरत्या कड्याचा धडा आठवावा: चुकावयाचेंच असेल, तर सावधपणाच्या बाजूनें चुकावें.