बोनाफाईडच्या निमित्तानं

संपादकांनी पाठवलं होतं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर लिहायला. 25 जुलै 2025 रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावं. हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहांत आणि वर्गांत ठळक लावावेत. पुण्यातल्या एका कॉलेजात यातलं काय काय झालंय ते बघून यायचं, एवढंच काम होतं. नंबरांचा फलक होता, जिन्याच्या वळणावर, छान रंगीत. मी मात्र जिन्याखालच्या खोलीत एका वहीपाशी अडकले.

वाण्याकडे उधारी मांडायला असते तसली लांबडी वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. ती ज्यांची, त्या मॅडम पूर्वी इथेच ग्रंथालयात होत्या. नोकरी करता करता समाजकार्याची पदवी घेतली आणि या खोलीत आल्या. "माझं नाव छापू नका, कॉलेजचंही नको. पोरं यायची बंद होतील," एवढी एकच अट.

दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. ती वाचून सहसा कुणी आत येत नाही. मुलं दारातूनच विचारतात, "मॅडम, बोनाफाईड इथे मिळतं का?" बोनाफाईड ऑफिसात मिळतं, खिडकी क्रमांक दोन, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मॅडम ऑफिसचा रस्ता दाखवत नाहीत. "बस. जेवलास का?" म्हणतात. मला आधी हा आपला नेहमीचा प्रेमळ प्रश्न वाटला. पण उत्तर ऐकताना त्या कान देऊन असतात. "हो" पटकन आलं तर एक, "नाश्ता उशिरा झाला होता" असं आलं तर दुसरं. मेसचे पैसे थकलेला मुलगा कधीच उपाशी नसतो, त्याचा नाश्ता उशिरा झालेला असतो.

आता वही. मदत करणाऱ्या संस्थांच्या याद्या मी पुष्कळ पाहिल्यात. सगळ्या संस्थांच्या नावानं लावलेल्या. ही वही मुलांच्या वाक्यांनी लावली आहे. डाव्या पानावर मूल जे बोलतं ते, त्याच्याच शब्दांत: ‘डबा बंद झालाय’, ‘झोप लागत नाही’, ‘सिनियर रूमवर बोलावतात’, ‘हॉल तिकीट अडवलंय’, ‘घरी लग्नाचं बघतायत’. उजव्या पानावर नंबर, वेळ, आणि तिथे काय होतं नि काय होत नाही.

‘सिनियर’च्या समोर 1800-180-5522. हिमाचलातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरूचा रॅगिंगमध्ये जीव गेला, त्या 2009 सालात विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि ही हेल्पलाइनही. ‘लग्ना’समोर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100. ‘झोप’समोर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 2012 पासूनची ‘आयकॉल’, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित 14416.

हा टेलि-मानसचा नंबर. 10 ऑक्टोबर 2022 रोजी केंद्र सरकारनं सुरू केला. सूत्रं बेंगळुरूच्या निम्हान्सकडे, सेवा फुकट, दिवसरात्र, वीस भाषांत. पण फोन लावला की आधी यंत्र बोलतं, भाषेसाठी आकडा दाबायला सांगतं. मॅडमच्या मते मुलं फोन ठेवतात ती इथेच. म्हणून त्या नंबर नुसता लिहून देत नाहीत. मुलाला समोर बसवून त्याच्याच फोनवरून लावायला सांगतात, स्पीकर चालू, आकडा दाबायचा तिथे मान डोलावतात. "पलीकडून माणसाचा आवाज आला की मी पाणी आणायला जाते." माठ खोलीतच आहे, कोपऱ्यात. त्या तरीही बाटली घेऊन खालच्या कॅन्टीनपर्यंत जातात आणि सावकाश येतात.

या सगळ्याला पुण्यात मोठा इतिहास आहे, तो मॅडम एका वाक्यात उरकतात: "आधी वार, मग बोर्डिंग, आता फॉर्म." शिकायला आलेली मुलं वार लावून जेवायची, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या; पण वार मिळायला आधी जात लागायची. त्या भिंतीला भोक पाडलं ते कोल्हापुरातल्या शाहू महाराजांच्या वसतिगृहांनी, पहिलं 1901चं, आणि भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या 1924च्या बोर्डिंगनं. पुण्यात 1955 साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय ती आजही करते. वहीत ती ‘रूम सोडायला सांगितलीय’समोर आहे, कंसात ‘प्रवेश जूनमध्ये विचारा, ऑक्टोबरात नको’.

मी आकडा काढला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यातल्या 1,764 महाराष्ट्रात, राज्यांमध्ये सगळ्यात जास्त. मॅडमना तो पाठ होता. त्यांनी वहीचं एक पान उलटून दाखवलं. डावीकडे: ‘कुणाला सांगितलं तर पोलीस केस होते ना?’ उजवीकडे नंबर नाही, त्यांच्या अक्षरात फक्त: ‘नाही. 2017चा मानसिक आरोग्य कायदा, कलम 115. शांतपणे सांगणे.’ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा आता धरून चालतो आणि शिक्षेऐवजी उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. सगळ्यात जास्त मळलेलं पान हेच.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या वहीतला प्रत्येक नंबर फिरवून बघतात. मी गेले तो सोमवारच होता. एक नंबर कुणा टायरवाल्याला लागला. एका विश्वस्त संस्थेत उचलणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, मदत बंद नाही, पण अर्ज बघणारे काका वारले. मॅडमनी लाल पेनानं रेघ मारली नाही, पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं. कॉलेजनं मध्यंतरी वहीची पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकली. तिच्यात टायरवाला अजून आहे.

पण नंबर चालू असला म्हणजे भागलं, असं कुठे आहे? ‘हॉल तिकीट अडवलंय’ हे पान घ्या. फी भरायची तारीख कॉलेज ठरवतं, शिष्यवृत्तीची सरकार, आणि दोघांचं कॅलेंडर वेगळ्या भिंतीवर टांगलेलं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये. रक्कम थेट खात्यात येते, हप्त्यानं. घरमालकाचं भाडं एक तारखेला. मधल्या महिन्यांत मूल मित्रांकडून घेतं, मग मित्र टाळायला लागतं, मग वर्ग. तोवर डाव्या पानावरचं वाक्य बदललेलं असतं: ‘डबा बंद झालाय’चं ‘झोप लागत नाही’ झालेलं. समुपदेशक झोपेचं ऐकतील. डब्याचं त्यांच्या हातात नाही. 2018-19च्या दुष्काळात मराठवाड्यातून येणारे पैसे आटले तेव्हा पुण्यातल्या काही मंडळींनी मेस चालवून मुलांना जेवू घातलं होतं. "त्या वर्षी माझ्याकडे झोपेच्या तक्रारी कमी आल्या," मॅडम म्हणाल्या, आणि लगेच, "हे काही संशोधन नाही, लिहू नका." मी लिहिलंय.

मॅडमची स्वतःची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर आहे. करार संपला की वही कुणाकडे, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर म्हणून वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे ‘पुढच्या मॅडमसाठी’ असं लिहून खाली चार ओळी होत्या. पहिली, ‘बाटली घेऊन खाली जाणे’. बाकीच्या वाचायच्या आत दार किलकिलं झालं. पाठीवर सॅक, हातात मोबाईल, एक मुलगी.

"मॅडम, बोनाफाईड इथे मिळतं का?"

मॅडमनी वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची रिकामी करून उठले.