भिवंडीत काय पाहावं? आधी माग

सोन्यासाठी वसलेल्या गावांना लोक भेट देतात ते सोनं संपल्यावर. कॅनडाच्या वायव्य टोकाकडे युकॉन प्रदेशात डॉसन सिटी आहे. ऑगस्ट 1896 मध्ये तिथल्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत त्या ओसाड जागी तीसेक हजार माणसं गोळा झाली. 1899 मध्ये अलास्कात नोम इथे सोनं निघाल्याची बातमी आली आणि गाव बघता बघता रिकामं झालं. आज तिथे जेमतेम दीड-दोन हजारांची वस्ती आहे, पण उन्हाळ्यात प्रवाशांची रीघ लागते. लाकडी फुटपाथांवरून चालायचं, जॅक लंडन राहिला ती झोपडी बघायची, ओढ्याकाठी पराती घेऊन वाळू चाळायची आणि बोनान्झा ओढ्यावरचं चौथ्या क्रमांकाचं ड्रेजर पाहायचं. 1912 मध्ये बांधायला घेतलेलं ते अजस्र यंत्र 1959 पर्यंत नदीचं पात्र उपसत होतं. आता सरकारने ते जपून ठेवलं आहे, वाटाडे त्याची माहिती सांगतात. 2023 मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला.

आपल्याकडे असं गाव मुंबईपासून तासा-दोन तासांवर आहे आणि त्याचं यंत्र अजून चालतं आहे. भिवंडी हे नाव काढलं की बहुतेकांना ट्रक, खड्डे आणि 1984 ची दंगल एवढंच आठवतं. सहल काढून भिवंडीला जावं असं कुणी सुचवत नाही. मी सुचवतो. सात लाखांवर वस्तीचं हे शहर ज्या यंत्रामुळे उभं राहिलं, तो साधा यंत्रमाग दर वर्षी थोडा थोडा भंगारात चालला आहे. तो चालू असताना पाहायचा असेल तर फार दिवस थांबून चालणार नाही.

शहरात शिरायचं ते कल्याणहून रिक्षाने किंवा ठाण्याहून एसटीने. वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड हे स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या. धामणकर नाक्यावर उतरून नारपोली, पद्मानगर किंवा शांतीनगरच्या कुठल्याही गल्लीत वळलं की आवाज सुरू होतो. पत्र्याचं छप्पर, वर कवडशांसाठी दोन-चार काचा, उघड्या दारातून दिसणाऱ्या ट्यूबलाइट आणि उंबऱ्यापर्यंत उडून आलेला कापसाचा भुगा. आत माग चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. इथले कारीगर एकमेकांशी हातांनी आणि भुवयांनी बोलतात.

शेठची किंवा मेहताजींची परवानगी घ्या, सैल ओढणी किंवा उपरणं बाहेर ठेवा आणि एका मागासमोर दहा मिनिटं नुसते उभे राहा. समोर बीमवरून हजारो उभे धागे येतात, तो ताणा. वही, म्हणजे धागे ओवलेली चौकट, वर-खाली होते, ताण्याचे दोन भाग होऊन मधे चिंचोळी वाट उघडते. एका बाजूची लाकडी काठी धोट्याला फटका मारते आणि धोटा त्या वाटेने पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो. जाता जाता पोटातल्या कांडीचं सूत तो मागे सोडत जातो, तो बाणा. मग फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकून बसवते. वाट उघडणं, धोटा फेकणं, ठोकणं या तीन क्रिया मिनिटाला सुमारे दीडशे वेळा होतात. इंचाला पन्नास आडवे धागे धरले तर मिनिटाला तीन इंच कापड. बारा तासांच्या पाळीत एका मागावर कागदोपत्री पन्नास-पंचावन्न मीटर निघायला हवं. तुटणं, थांबणं, वीज जाणं यांत त्यातलं बरंच वजा होतं, आणि मजुरी मिळते ती निघालेल्या कापडावर.

आता कारीगराकडे बघा. त्याच्याकडे एक माग नसतो, सहा-आठ असतात. आडवा धागा तुटला तर माग आपला आपण थांबतो, कारण बाण्याखाली एक छोटा काटा असतो, तो धागा जाणवला नाही की यंत्र अडतं. ताण्याचा धागा तुटला तर मात्र जुना साधा माग थांबत नाही. तो विणत राहतो आणि कापडात उभी चीर पडत जाते. ती चीर माणसाच्या नजरेनेच धरायची. कांडी तर दर काही मिनिटांनी संपते. कारीगर माग थांबवतो, रिकामा धोटा काढतो, भरलेला ठेवतो, दांडा ओढतो आणि पुढच्या मागाकडे वळतो. हे सगळं तो चालता चालता करतो. सातव्या मागाचा आवाज किंचित बदलला की तिसऱ्या मागावर वाकलेल्या त्याची मान वळते. हे कसब मी कुठल्याही संग्रहालयात पाहिलेलं नाही.

यंत्राचा मूळ आराखडा लँकेशायरचा. एडमंड कार्टराइटने 1785 मध्ये यंत्रमागाचं पेटंट घेतलं, 1841 च्या सुमारास लँकेशायर माग आला आणि तोच पुढे मुंबईच्या गिरण्यांत पोहोचला. भिवंडीत त्याआधी हातमाग होते. 1857 च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातून दक्षिणेकडे आलेल्या मोमीन विणकरांनी ते इथे आणि मालेगावात रुजवले. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात इथे विजेवरचे माग आले. पुढे तेलंगणातून पद्मशाली समाज आला. पद्मानगरात आजही दुकानांच्या पाट्या तेलुगूत दिसतात.

पण सोन्याची बातमी यावी तशी लाट आली ती 18 जानेवारी 1982 नंतर. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. बाजाराला कापड तर हवंच होतं. गिरण्यांनी ते भिवंडीतून विणून घ्यायला सुरुवात केली. गिरण्यांचे जुने साचे, म्हणजे माग, वजनावर विकले गेले आणि त्यांतले कितीतरी इथल्या पत्र्याखाली पुन्हा उभे राहिले. गिरणगावात नोकरी गेलेले काही साचेवाले त्याच यंत्रामागे इथे आले, निम्म्याहून कमी मजुरीत, ना फंड ना रजा. कारखान्याचा कायदा त्या काळी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू व्हायचा, म्हणून एकाच शेडचे कागदावर चार तुकडे होत. भिवंडीची भरभराट सांगताना हे वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुंबईने जी यंत्रणा कामगारांच्या हक्कांसकट सत्तर-ऐंशी वर्षांत उभी केली होती, तिच्यातलं यंत्र तेवढं इथे आलं, हक्क मुंबईतच राहिले.

मागानंतर सायझिंग पाहा. बहुतेक पाहुणे हे चुकवतात. ताण्याचं सूत तसंच मागावर चढवलं तर फणीच्या घासण्याने तासाभरात लोंबू लागेल. म्हणून आधी ते उकळत्या खळीतून काढून तापलेल्या मोठ्या पिंपांवर वाळवतात. मका, साबुकंद किंवा चिंचोक्याच्या पिठाची ती खळ, बॉयलरची वाफ आणि ओल्या सुताचा वास यांनी शेड भरून गेलेली असते. तिथून बीम वहिफणीवाल्याकडे जातो. तो एकेक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवतो, हजारो धागे, दिव्याखाली मान घालून. एक धागा चुकला तर पूर्ण बीमभर तो दोष दिसत राहतो.

दुपारचं जेवण हॉटेलात घेऊ नका, बिसी शोधा. घर सोडून आलेल्या कारीगरांची महिन्याच्या हिशेबाने चालणारी ही खानावळ, बहुधा एखाद्या बाईने आपल्या घरातच चालवलेली. डाळ, भात, चपाती, एक भाजी, आठवड्यातून कधीतरी मटण. भिंतीला खुंट्यांवर पिशव्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या वळकट्या, कारण कित्येकांची झोपायची जागाही तीच. एक पाळी कामाला जाते तेव्हा दुसरी त्याच चटईवर आडवी होते. आझमगढ, गोरखपूर, बस्ती, दरभंगा ही नावं इथे शेजारच्या गावांसारखी बोलली जातात. 2020 च्या टाळेबंदीत माग बंद पडले तेव्हा हीच माणसं महामार्गाने पायी निघाली होती, आणि मेच्या सुरुवातीला श्रमिकांसाठी राज्यातून सुटलेल्या पहिल्या काही गाड्यांपैकी एक भिवंडीहून गोरखपूरला गेली. त्यांतले बरेच जण परत आले. माग पुन्हा सुरू झाले ते त्यांच्यामुळे.

दंगलींबद्दलही बोलायला हवं. 1970 आणि 1984 मध्ये हे शहर जळलं, ते खरं. 1988 पासून इथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची रोजच्या कामातली माणसं पोलिसांबरोबर बसू लागली. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी त्यावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं. डॉसनमध्ये वाटाडे जुगाराच्या गोष्टी सांगतात. भिवंडीला वाटाड्या मिळाला तर त्याने ही गोष्ट आधी सांगावी.

दिवस उरला असेल तर तालुक्यात फिरा. लोनाडला डोंगरात बौद्ध लेणं आहे आणि गावाजवळ शिलाहारकालीन शिवमंदिर, दगडावरची झीज हाताला लागते इतकं उघड्यावर. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधवलेलं देऊळ, आणि जवळच गरम पाण्याची कुंडं. पलीकडे गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची समाधी. शहराच्या कडेला कामतघरचा वऱ्हाळा तलाव संध्याकाळी बरा. ही सगळी ठिकाणं कुठल्याही माहितीपत्रकात मिळतील, म्हणून त्यांवर जास्त शब्द घालवत नाही.

परत निघताना मानकोली, काल्हेर, राहनाळच्या बाजूने या. मैलोगणती गोदामं लागतात. ही भिवंडीतली दुसरी लाट. मुंबईची जकात चुकवायला माल शहराबाहेर उतरवायची सोय म्हणून ही गोदामं वाढली. 2017 मध्ये जकात गेली तरी गोदामं राहिली, कारण मुंबई, ठाणे, नाशिक, जेएनपीटी सगळं इथून हाताशी आहे. आपण मोबाइलवर मागवलेली चप्पल बहुधा इथल्याच एखाद्या फळीवरून निघालेली असते. मागाच्या शेडपेक्षा गोदामाचं भाडं बिनघोर येतं, म्हणून शेड पाडून जागा भाड्याने जाते. सुताचे भाव रोज हलतात, वीज महाग, आणि सुरत-चीनच्या कापडाशी गाठ. साध्या मागाचा मालक किती दिवस तग धरणार? काहींनी धोटा नसलेले रॅपियर माग आणले आहेत. ते वेगाने विणतात, ताण्याचा धागा तुटला की आपोआप थांबतात. ते यावेत, कारीगराचे कान आणि डोळे त्याने वाचतील. पण जुन्या मागांची एक शेड तरी, सायझिंग, कांडी, वहिफणी आणि बिसीसकट, चालू अवस्थेत राखावी असं मला मनापासून वाटतं. महापालिकेला ते जड नाही. जागा आहे, यंत्रं भंगाराच्या भावात आहेत आणि ती चालवणारी माणसं अजून कामावर आहेत.

येताना कापड जरूर घ्या. मागावरून उतरलेलं कोरं कापड राजस्थानात बालोत्रा-पालीकडे धुलाई-रंगाईला जातं, पण थोडं मागितलं तर काही ठिकाणी मीटरने देतात. पिवळसर, खरखरीत, खळीने कडक झालेलं असतं. शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला. खळ निघते आणि कापड आटतं, म्हणून मापापेक्षा हातभर जास्तच घ्या.