गच्चीवरचा वारा आधी मोजा

‘वारा फुकट आहे, शिवाय तो सोलरसारखा संध्याकाळी सहाला बंद पडत नाही. मग आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चार छोट्या पवनचक्क्या बसवल्या तर जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांचं बिल निघेल का?’ असा प्रश्न पुण्याच्या एका वाचकांनी पाठवला आहे. सोबत विक्रेत्याचं पत्रकही आहे. त्यावर पिळाच्या आकाराची, उभ्या दांड्याभोवती फिरणारी देखणी चक्की आहे आणि खाली तीन दावे आहेत: क्षमता १ किलोवॅट, मंद वाऱ्यावरही फिरते, आवाज शून्य.

उत्तर आधीच सांगायला हवं, कारण सोसायटीची सभा तोंडावर असेल. शहरातल्या बहुतेक गच्च्यांवर अशी चक्की बसवू नये. तिच्यातून मिळणारी वीज जिन्यातल्या दिव्यांनाही पुरणं कठीण आहे.

पत्रकातला ‘१ किलोवॅट’ खोटा नसतो, पण तो एका विशिष्ट वाऱ्याचा आकडा असतो. बहुतेक छोट्या चक्क्यांची क्षमता सेकंदाला ११ ते १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४० ते ४५ किलोमीटर वाऱ्याला मोजलेली असते. एवढ्या वाऱ्यात गच्चीवरचे पत्रे वाजू लागतात. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि सगळी मेख या घनात आहे. वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. पावणेदोन मीटर व्यासाची चक्की घ्या. तिच्या पात्यांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं साधारण २.४ चौरस मीटर. सेकंदाला ३ मीटर वेगाची झुळूक, जी आपल्याला गच्चीवर छान सुखावते, त्या वर्तुळातून जाताना जेमतेम ३९ वॅट घेऊन जाते. त्यातलेही जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढून घेता येतात. ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे, तिला बेट्झची मर्यादा म्हणतात आणि कोणत्याही कारखान्याला ती ओलांडता येत नाही. प्रत्यक्षातल्या छोट्या चक्क्या फार तर ३० ते ३५ टक्के काढतात. म्हणजे हातात आले १२ ते १४ वॅट, एका एलईडी बल्बपुरते. आणि त्यातून इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च अजून वजा व्हायचा आहे.

‘मंद वाऱ्यावरही फिरते’ हा दावा म्हणूनच तपासून घ्यायला हवा. फिरणं वेगळं आणि वीज देणं वेगळं. सेकंदाला २ मीटर वाऱ्यावर चक्की फिरत असेलही, पण त्या वाऱ्यात मुळात शक्तीच इतकी कमी आहे की तिच्यातून काही काढण्याचा प्रश्नच येत नाही.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. हा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून पाहिला आहे. ब्रिटनमध्ये २००६ साली ‘बी अँड क्यू’ या घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानसाखळीने छतावर बसवायची पवनचक्की विकायला काढली. बसवण्याच्या खर्चासकट किंमत सुमारे दीड हजार पौंड. तेव्हाचे विरोधी पक्षनेते आणि पुढे पंतप्रधान झालेले डेव्हिड कॅमेरून यांनीही २००७ मध्ये लंडनमधल्या आपल्या घरावर एक छोटी चक्की लावून घेतली होती. वर्तमानपत्रांत तिचे फोटो झळकले आणि घरोघरी वीज पिकणार असं वातावरण तयार झालं.

त्याच सुमाराला एन्क्राफ्ट नावाच्या सल्लागार संस्थेने एक साधं, पण फार मोलाचं काम केलं. पाच उत्पादकांच्या २६ चक्क्या इमारतींवर बसवल्या आणि प्रत्येकीने किती वीज दिली, हे वर्षभर मीटर लावून मोजलं. ‘वॉरिक विंड ट्रायल्स’ या नावाने ओळखला जाणारा हा अहवाल २००९ च्या सुरुवातीला आला. एका चक्कीमागे दिवसाची सरासरी निघाली २१४ वॅट-तास. म्हणजे वर्षाला ७८ युनिट. आपल्याकडे युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाचे ७८० रुपये. बंद पडलेल्या काळाचा हिशेब सोडून दिला, तरी सरासरी दिवसाला ६२८ वॅट-तासांपलीकडे गेली नाही. सर्वात वाईट चक्कीने दिले दिवसाला ४१ वॅट-तास. ९ वॅटचा बल्ब साडेचार तास लावला की संपले. तिच्या जोडीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र त्याहून जास्त वीज खात होतं. चक्की फिरत होती आणि घराचं बिल तिच्यामुळे वाढत होतं!

त्या अहवालातला सर्वात बोलका भाग उंच इमारतींचा आहे. सर्वात चांगली वीज दिली ती बहुमजली इमारतींच्या माथ्यावरच्या चक्क्यांनी, कारण तिथे वारा मोकळा होता. आणि नेमक्या त्याच चक्क्या बराच काळ बंद ठेवाव्या लागल्या, कारण आवाजाबद्दल खालच्या रहिवाशांच्या तक्रारी आल्या. वारा जोराचा असला की कंपनंही जोराची असतात, आणि ती खांबातून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून भिंतींत उतरतात. दिवसा रहदारीच्या गोंगाटात ती कळत नाहीत. रात्री दोनला शेवटच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला मात्र नीट कळतात. ‘आवाज शून्य’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला स्लॅबमध्ये किती कंपन उतरतं, हे विचारलंच पाहिजे.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्याच ‘एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट’ या संस्थेने स्वतःच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. शहर आणि उपनगरांतल्या इमारतींवर बसवलेल्या एकाही चक्कीने वर्षाला २०० युनिटांचा टप्पा ओलांडला नव्हता. २००९ मध्येच ‘बी अँड क्यू’ने विक्री थांबवली आणि त्या चक्क्या बनवणारी ‘विंडसेव्ह’ ही कंपनीही त्याच वर्षी बुडाली.

मग त्या ग्राहकांना आधी सांगितलेले आकडे आले कुठून? वाऱ्याच्या नकाशातून. ब्रिटनच्या त्या नकाशात एकेका चौरस किलोमीटरला एकच वेग दिलेला होता, आणि त्या चौकटीतली घरं, झाडं, चर्च, कारखाने कशाचीही त्यात दखल नव्हती. आपल्या मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये ‘वारा ताशी १५ किलोमीटर’ दिसतो, तोही आपल्या गच्चीवरचा नसतो. हवामानशास्त्रात वारा मोजायची जागतिक पद्धत मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजायची आहे. कोथरूडमधली सहा मजली इमारत, तिच्या चारही बाजूंना तेवढ्याच उंचीच्या इमारती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि जिन्याची खोली, असं मोकळं मैदान कुठेच नसतं.

गच्चीवरच्या वाऱ्याचा स्वभाव संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोरांना नेमका ठाऊक असतो. कठड्याजवळ पतंग सोडला की तो आधी गोते खातो, डावीकडे ओढला जातो, लगेच उजवीकडे, मध्येच मांजा सैल पडतो. हात झटकत, ढील देत तो एका उंचीच्या वर नेला की एकदम स्थिरावतो आणि मांजा ताणला जातो. खालच्या त्या गोंधळाच्या थरात वारा भिंतीवर आपटून वर उसळलेला असतो, कठड्याच्या कडेपासून सुटून गच्चीवर भोवरे करत असतो. चक्की आपण बसवतो नेमकी त्याच थरात. आडव्या दांड्याची चक्की तिथे सतत तोंड फिरवत राहते आणि त्यातच तिचा वेळ जातो. उभ्या दांड्याच्या चक्कीला तोंड फिरवावं लागत नाही, हे खरं आहे. पण भोवऱ्यातला वारा संथच असतो, तो काही तिच्यासाठी जोरात वाहत नाही. भरीला तिच्या पात्यांवर सतत उलटसुलट धक्के बसतात, आणि बेअरिंग लवकर झिजतात ती त्यामुळे. अडथळ्याच्या मागे हा विस्कटलेला वारा त्याच्या उंचीच्या वीसपट अंतरापर्यंत आणि वरच्या दिशेने दुप्पट उंचीपर्यंत टिकतो. म्हणून छोट्या चक्क्यांच्या क्षेत्रातला जुना नियम असा: आसपासच्या दीडशे मीटरमधल्या सर्वात उंच वस्तूपेक्षा पात्यांचं खालचं टोक निदान ९ मीटर वर हवं. आता सोसायटीच्या गच्चीवर तीन मजली उंचीचा खांब उभा करायची कल्पना करून पाहा. तो कुठल्या स्लॅबवर उभा राहणार, आणि परवानगी कोण देणार?

याचा अर्थ घरगुती पवनऊर्जा ही कल्पनाच चुकीची, असा मुळीच नाही. पवनविजेचा जन्मच एका घरासाठी झाला आहे. ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजमधले प्राध्यापक जेम्स ब्लिथ यांनी १८८७ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क या गावी, आपल्या सुटीच्या घराच्या बागेत, कापडी शिडांची सुमारे १० मीटर उंचीची चक्की उभारली. तिच्यावर बॅटऱ्या भरल्या आणि त्यांवर घरातले दिवे लावले. वाऱ्यापासून वीज करून घर उजळल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानलं जातं. वीज उरू लागली तेव्हा गावाचा मुख्य रस्ता उजळायला ती देण्याची तयारी त्यांनी दाखवली. गावकऱ्यांनी नकार दिला. ही वीज म्हणजे सैतानाची करणी, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्लिथ थांबले नाहीत. पुढे मॉन्ट्रोझच्या मनोरुग्णालयासाठी त्यांनी आणखी एक चक्की बांधली. ब्लिथ यांचं नाव आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच माहीत असतं, याचं वाईट वाटतं. पण त्यांच्या यशात जागेचा वाटा मोठा होता. मेरीकर्क हे उघड्या माळावरचं छोटं गाव. तोच प्रयोग त्यांनी ग्लासगोच्या गजबजलेल्या चाळींवर केला असता, तर निकाल वेगळा लागला असता.

आज ज्या जागी छोटी चक्की खरोखर उपयोगी पडते, त्या जागा मेरीकर्कसारख्याच आहेत: उघडी पठारं, किनाऱ्याचे कडे, बेटं, विजेची तार न पोहोचलेल्या वस्त्या. ‘एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट’च्या त्याच चाचण्यांत मोकळ्या जागी स्वतंत्र खांबावर उभ्या केलेल्या चक्क्यांनी आपल्या पूर्ण क्षमतेच्या सरासरी १९ टक्के काम दिलं, शहरी छतांवरच्यांना ३ टक्केही जड गेले. आपल्याकडे साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारावर मोठ्या पवनचक्क्या का उभ्या आहेत, हे जूनमध्ये तिथे गाडीतून उतरल्यावर दार लावतानाच कळतं.

भारतात हा वारा कुठे आहे, हे आपल्याला कळलं त्यात अॅना मणी यांचा फार मोठा वाटा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. केरळच्या पीरमेडला १९१८ मध्ये जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर संशोधन केलं. प्रबंध तयार होता, पण एम.एस्सी. केलेलं नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. १९४८ मध्ये त्या इंग्लंडहून परतल्या आणि पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या वेळी साधीसाधी उपकरणंही परदेशातून यायची. पुण्याच्या कार्यशाळेत त्यांनी शंभराच्या आसपास हवामान-उपकरणांची प्रमाणित रेखाटनं तयार करून घेतली आणि ती उपकरणं देशात बनू लागली. चुकीचं मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. बंगळुरूत वाऱ्याचा वेग आणि सौरऊर्जा मोजणारी उपकरणं बनवायचा छोटा कारखाना काढला. १९८० मध्ये सौर प्रारणाच्या आकडेवारीचं त्यांचं संदर्भपुस्तक आलं, १९८३ मध्ये वाऱ्याच्या आकडेवारीचं. देशात सौर आणि पवन वीजप्रकल्पांचं वारं सुटण्याच्या कितीतरी आधी त्या दोहोंच्या हिशेबाचा पाया एका बाईने घालून ठेवला होता. शाळेच्या पुस्तकात रामन यांच्यावर धडा असतो. मणी यांच्यावरही हवा.

आता मुंबईचं एक उदाहरण. मुंबई विमानतळावर २०२२ मध्ये उभ्या दांड्याची चक्की आणि सौर पॅनेल असं एकत्र संयंत्र बसवण्यात आलं. एकूण क्षमता १० किलोवॅट, त्यात चक्की २ आणि सौर ८. रोज किमान ३६ युनिटांची अपेक्षा जाहीर झाली होती. ८ किलोवॅट सौर पॅनेल मुंबईत एकटेच सरासरी ३० ते ३२ युनिट देतात. धावपट्टीसारख्या मोकळ्या जागीसुद्धा अपेक्षेचा बहुतेक भार सौरवरच होता. ‘हायब्रिड’ या शब्दाखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संयंत्राचा असाच सुटासुटा हिशेब मागावा.

तेव्हा सोसायटीच्या सभेत विक्रेत्याला ‘किती किलोवॅट’ असं विचारू नका. ‘आमच्या गच्चीवर वर्षाला किती युनिट, आणि कमी पडले तर पैसे परत देणार का’ असं विचारा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा चाचणी अहवाल मागा. एवढ्यानेही मोह सुटला नाही, तर चक्कीच्या आधी वाऱ्याच्या वेगाची नोंद ठेवणारा ॲनिमोमीटर आणा, चक्की जिथे बसवायची त्याच उंचीवर लावा आणि पूर्ण वर्षभर मोजा. फक्त जून-जुलै मोजून भागणार नाही. डिसेंबरच्या रात्री, जेव्हा शेकोटीचा धूर जागचा हलत नाही, त्याही मोजणीत आल्या पाहिजेत. टाक्यांमधून उरलेल्या १० चौरस मीटर जागेत १ किलोवॅट सौर पॅनेल बसतात आणि ते महाराष्ट्रात वर्षाला सुमारे १४०० युनिट देतात. तुलना या आकड्याशी करायची आहे.

वर्षभराची सरासरी सेकंदाला ५ मीटरच्या वर निघाली, तर ते आकडे मला जरूर पाठवा. महाराष्ट्रातल्या शहरात तशी गच्ची सापडली, तर तिच्यावर स्वतंत्र लेख लिहायला मला मनापासून आवडेल.