आधी पॅलेट, मग फोर्कलिफ्ट

पुणे जिल्ह्यातल्या अवसरी बुद्रुकच्या आसपास साठवणुकीच्या अनेक तऱ्हा एकाच टापूत पाहायला मिळतात. कांदा चाळीत वाऱ्यावर राहतो, बटाट्याच्या गोण्या शीतगृहात जातात, नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटो प्लॅस्टिकच्या क्रेटमधून येतो आणि पुणे-नाशिक रस्त्याने खाली उतरले की चाकणच्या गोदामांत वाहनांचे सुटे भाग पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टचे पुढचे काटे खाली शिरतील अशा सपाट पाटावर, रचलेले असतात. फोर्कलिफ्ट घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो ‘किती टनी?’ हा. खरे तर माल कशात बांधलेला आहे, जमीन कशी आहे आणि रॅकमधली वाट किती रुंद आहे, हे आधी ठरायला हवे. या तीन गोष्टी ठरल्या की यंत्राचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो.

काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टचे काम तराजूसारखे चालते. पुढची चाके हा टेकू, एका बाजूला काट्यांवरचा माल आणि दुसऱ्या बाजूला पाठीमागचे जड लोखंडी वजन. म्हणूनच तिची क्षमता नुसत्या टनांत सांगणे अपुरे असते. दोन टनी यंत्र दोन टन उचलते, ते मालाचा भारमध्य काट्यांच्या मुळापासून साधारण ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हा. माल पुढे सरकला किंवा फार उंच न्यायचा असला की क्षमता घटते. हे यंत्र हवेच्या टायरांवर आवारातही चालते. पण वळायला साडेतीन-चार मीटरांची वाट मागते. रीच ट्रक माल स्वतःच्या पायांमध्ये ओढून घेतो, त्यामुळे तीन मीटरांच्या आतबाहेरच्या वाटेत दहा मीटरांवरचा रॅकही गाठतो. त्याची लहान, कडक चाके मात्र सपाट काँक्रीटच मागतात. स्टॅकर कमी उंचीच्या रॅकसाठी आणि हँड पॅलेट ट्रक जमिनीवरच्या ने-आणीसाठी पुरतो. बंद गोदामात डिझेलचा धूर घातक असतो, म्हणून तिथे बॅटरीचे यंत्रच हवे. शीतगृहात गारठ्याने बॅटरीची ताकद कमी होते, हेही हिशोबात धरावे लागते.

बांधणी, जमीन आणि वाट यांची ही कसोटी इथल्या मालाला लावली की उत्तरे वेगवेगळी येतात. चाळीतला कांदा सुटा असतो आणि खालून वारा खेळावा म्हणून तळ उंचावर, फटींचा केलेला असतो. तिथे फोर्कलिफ्टला कामच नाही. अनेक जुन्या शीतगृहांत गोण्यांची थप्पी माणसे हातानेच लावतात, मजलेही त्याच बेताने बांधलेले असतात. तिथे नुसते यंत्र आणून भागत नाही, कारण काट्यांना सुटी गोणी पेलत नाही. गोण्या पॅलेटवर किंवा जाळीच्या पेटीत आल्या, तरच यंत्राचा उपयोग. टोमॅटोचे क्रेट एकावर एक नीट बसतात, म्हणून या भागात यंत्राची सुरुवात तिथून करणे सर्वांत सोपे.

यंत्र आणण्यावर पहिला आक्षेप रोजगाराचा येतो, आणि तो हलका नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला हक्क मिळाले ते अशा झगड्यांतून. पण ५० किलोची गोणी दिवसभर पाठीवर घेणे हे टिकवण्यासारखे काम नव्हे. टिकवायची आहे ती त्या माणसाची मिळकत. म्हणून यंत्र येईल तिथे चालकाच्या प्रशिक्षणाचा पहिला हक्क त्याच हमालाचा असावा. दुसरा आक्षेप खर्चाचा. हंगामी मालासाठी महागडे यंत्र वर्षभर उभे ठेवणे परवडत नाही, हे खरेच. पण हँड पॅलेट ट्रक आणि पॅलेट यांचा खर्च फोर्कलिफ्टच्या मानाने फार थोडा असतो, आणि हंगामापुरते मोठे यंत्र भाड्याने घेता येते. शेजारच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे. चालकांचे वर्ग आणि गोणीला साजेशा पॅलेटची रचना ही दोन्ही कामे तिथे होऊ शकतात. बाजार समित्यांनी पहिला पैसा यंत्रावर न घालता सपाट जमीन, ठरलेल्या मापाचे पॅलेट आणि शिकलेला चालक यांवर घालावा. पुढे घेतलेले कोणतेही यंत्र मग कामाला येईल.